उणे एकोणसाठ मिनिटं

तुर्सुनबेक धापा टाकत टेबलापाशी पोचला, जर्दाळूच्या खोडाला धरून उभा राहिला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पाहतो तर काय, तो निघाला त्याच्या जवळजवळ तासभर आधीच येऊन पोचला होता. उणे एकोणसाठ मिनिटं एकोणतीस सेकंद. आकडा हिरवा होता, कारण पहिल्या नंबराचा आकडा हिरवा दाखवायचा हे त्यानंच सकाळी ठरवलं होतं. त्याच्या खाली साध्या काळ्या अक्षरांत व्याही झेक्सेनबाय, एकोणीस पूर्णांक आठ सेकंद. जो आकडा लहान तो वर, एवढंच यंत्राला सांगितलेलं होतं, आणि शून्याच्या खाली इतकं खोल गेलेल्या माणसापेक्षा लहान आकडा कुणाचा असणार? तुर्सुनबेकनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. आकडा होता तिथंच होता. छातीत घोडा दौडत होता, पोटात पाच तळलेले बोरसोक आणि दोन वाट्या पुलाव होता, कानांत स्वतःचाच श्वास भात्यासारखा वाजत होता. आणि या सगळ्याच्या मागून, अगदी हळू, लाज नावाची गोष्ट पायऱ्या चढत वर येत होती. चूक कुठं झाली ते त्याला तत्क्षणी कळलं होतं. तीस वर्षं ज्या चुकीवर तो इतरांना झापत आला, तीच.

अंगणात मात्र हलकल्लोळ उडाला. "तासभर आधी!" शेजारचा ओरोझ खुर्चीवर चढून ओरडला. "अरे ऐकलंत का? आपला तुर्सुनबेक तासभर आधी आला!" बिश्केकच्या आठव्या वसाहतीतल्या त्या पाचमजली इमारतींच्या मधल्या चौकात साठ माणसं जमली होती, आणि त्यातलं एकही तुर्सुनबेकला वेळेवर आलेला पाहिल्याचं शपथेवर सांगू शकलं नसतं. खाली बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी पडद्याकडे न बघताच टाळ्या पिटल्या. बायको आनारकुल लॅपटॉपच्या बटणावर बोट ठेवून अजून हसत होती. "काय रे म्हाताऱ्या," ती म्हणाली, "लग्नाला दोन तास उशिरा आलास तेव्हा कुठं होता हा वेग?" कुणीतरी म्हणालं, आकडा जरा विचित्र दिसतोय नाही? त्यावर ओरोझनं वरूनच निकाल दिला. "विचित्र बिचित्र काही नाही. यंत्र खोटं बोलत नाही. कोण म्हणतो हे? हाच म्हणतो, तीस वर्षं!" आणि कुणीतरी तुर्सुनबेकच्या घामेजल्या हातात सुरी ठेवली.

सुरी हलकी होती, हाडाच्या मुठीची. समोर सतरंजीवर तेरा महिन्यांची नात उभी होती, अकमारल, दोन्ही बाजूंनी दोन मावश्यांनी धरलेली, आणि तिच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी आठाच्या आकड्यासारखी बांधलेली. ही दोरी जो कापतो त्याची चाल पोराच्या पायात उतरते, असं म्हणतात. म्हणून दोरी कापायला चपळ माणूस निवडतात, धावण्याची शर्यत लावतात. लंगड्याला, आळशाला, उधळ्याला सुरी देत नाहीत. तुर्सुनबेकचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण मुलगा नुर्तिलेकची दोरी आनारकुलच्या टॅक्सी चालवणाऱ्या भावानं कापली होती आणि नुर्तिलेकला आजवर वेगानं गाडी हाकल्याबद्दल चौदा वेळा वाहतूक पोलिसांनी अडवलं होतं, हेही त्याला ठाऊक होतं. विश्वास नसला तरी नोंद घ्यायला हरकत नसते.

या सुरीसाठी दोन महिने दोन आजोबांची जुंपली होती. झेक्सेनबाय हा सुनेचा बाप, अलमातीचा, वय चौसष्ट, रेल्वेत चाळीस वर्षं गाड्या सोडण्याचं काम केलेला, चालायला लागला की सोबतच्या माणसाला धावावं लागे. "माझी नात आहे, आगगाडीसारखी सुटली पाहिजे," तो फोनवर म्हणायचा. "कुदा," व्याह्याला तिकडं अशी हाक मारतात, "तुमचं यंत्रांचं ठीक आहे, पण पायांचं काय?" तुर्सुनबेक उत्तर शोधेपर्यंत फोन ठेवलेला असायचा. शेवटी सून मेरुएर्त कंटाळली. धावा दोघं, म्हणाली, जो जिंकेल तो कापेल. पण गॅरेजांच्या रांगेतून येणारी वाट अरुंद, एका अंगाला उभ्या मोटारी आणि दुसऱ्या अंगाला पाण्याचा पाट. गेल्या साली अशाच समारंभात दोन मामा जोडीनं धावले आणि एकाचं गळ्याजवळचं हाड पाटात मोडलं. तेव्हा आनारकुलनं फर्मान काढलं की एकेकानं धावायचं. ते ऐकून तुर्सुनबेकचे डोळे जे चमकले ते बघून तिनं कपाळाला हात लावला. "मग मोजावं लागेल," तो म्हणाला होता.

मोजणं हा त्याचा धंदा होता आणि व्यसनही. बिश्केकच्या एका कचेरीत तो दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कामांना किती वेळ लागतो ते मोजायचा, सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत. ही ओळ चालायला किती, ती ओळ चालायला किती. एका गणिताला बारा लाखांश लागतात की तेरा, यावर तो दोन दिवस घालवी आणि त्या दोन दिवसांत वीजबिल, दाताचा डॉक्टर आणि बायकोच्या बहिणीचा वाढदिवस उलटून जाई. जगात वेळ कुठं जातो हे त्याच्याइतकं बारकाईनं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याचा स्वतःचा कुठं जातो हे त्याला कधीच कळलं नाही. आईबापांनी त्याचं नाव तुर्सुन ठेवलं, कारण आधीची दोन पोरं गेली होती. तुर्सुन म्हणजे राहो. हा तरी राहो, म्हणून. तो राहिला. इतका राहिला की आता उठवावा लागतो, असं आनारकुल म्हणे. दोन पोरांच्या मागून आलेल्या मुलाला लहानपणी कुणी घाई केली नाही. धावू नको, पडशील, एवढंच सगळे म्हणायचे. त्याची दोरी कुणी कापली हे त्यानं एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "कापलीच नाही रे. भीती वाटली." चौपन्नाव्या वर्षी गॅरेजांच्या रांगेतून धावताना पहिल्या दहा पावलांतच त्याला ते आठवलं होतं, आणि घोट्यांशी खरंच काहीतरी बांधलेलं आहे असं वाटलं होतं.

पण चूक पायांची नव्हती, घड्याळाची होती. संगणकात दोन घड्याळं असतात, हे तो दर नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा. एक भिंतीवरच्यासारखं, कोपऱ्यात दिसणारं, किती वाजले ते सांगणारं. ते माणसांसाठी. त्याला कुणीही हात लावतं, ते मागंपुढं होतं, सरकारचं ऐकतं. दुसरं आतलं, अंधारातलं. यंत्र सुरू झाल्यापासून ते नुसतं मोजत राहतं, त्याला वार ठाऊक नाही, सकाळ-संध्याकाळ ठाऊक नाही, आणि मागं जाणं तर मुळीच ठाऊक नाही. किती वाजले हे विचारायचं असेल तर पहिल्याला विचारा. किती वेळ लागला हे विचारायचं असेल तर दुसऱ्यालाच. फेब्रुवारीत चिनारा नावाच्या हुशार पोरीनं पहिल्या घड्याळाच्या दोन वेळांची वजाबाकी करून ठेवली, तेव्हा त्यानं तिला फळ्यापाशी बोलावून अर्धा तास सुनावलं होतं. "पण सर, मध्येच एवढ्यात घड्याळाला कोण हात लावणार?" ती म्हणाली होती. "कोणीतरी लावतोच," तो म्हणाला होता, "जगात अशी माणसं असतात." आणि आज सकाळी, म्हाताऱ्या बायांना सोपं जावं म्हणून, पडद्यावर 'सुटला एक वाजून एकवीस मिनिटं, पोचला अमुक वाजून तमुक' असं मोठ्या अक्षरांत दिसावं म्हणून, त्यानं स्वतःच पहिल्या घड्याळाच्या दोन वेळा घेतल्या, आणि हातासरशी त्यांचीच वजाबाकीही करून टाकली. लोका सांगे ब्रह्मज्ञान. चिनारा इथं नव्हती याबद्दल त्यानं मनोमन आभार मानले, आणि कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून एकवीस. डोक्यावरचं ऊन एकचं होतं, पोटातला पुलाव एकचा होता, आणि घड्याळ बारा म्हणत होतं.

मग त्यानं व्याह्याकडे पाहिलं. झेक्सेनबाय टेबलापाशीच उभा होता, हात पाठीमागं बांधून, आणि त्याच्या चेहऱ्यावर हरलेल्या माणसाचं दुःख नव्हतं. नुकतंच एखादं काम नीटनेटकं पार पाडलेल्या माणसाचं समाधान होतं. तुर्सुनबेक सगळं समजला. एक मार्चला कझाखस्तानानं साऱ्या देशाची वेळ एक केली, अलमातीची घड्याळं तासभर मागं गेली, आणि ज्या दिवशी ते घडलं त्या दिवसापासून या माणसाला नवं आयुष्य मिळालं होतं. फोनवर तोच सांगायचा: त्यानं जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची घड्याळं लावून दिली, ग्रंथालयातल्या अकरा संगणकांची लावून दिली, दवाखान्यात रक्तदाब मोजून घेता घेता तिथलं लावलं. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ बघितलं की त्याचा हात शिवशिवे. आणि अलमाती नि बिश्केक यांची वेळ त्याच्या बापाच्या वेळी एकच होती, गेली जवळजवळ वीस वर्षंही एकच होती. मध्ये सीमा आली, पासपोर्ट आले, तास काही वर्षं वेगळे झाले तरी परत जुळले. अलमातीचे बदलले म्हणजे बिश्केकचेही बदलले असणार, यात विचारायचं काय? एकीकडे आनारकुल पाटाकडे वळून नवऱ्याची दौड बघत हसत होती, आणि दुसरीकडे या भल्या माणसानं तिच्या कोपराखालून हात घालून, सरावलेल्या पाच टिचक्यांत, लॅपटॉपची वेळ सुधारली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आपल्याच बोटानं आपला पहिला नंबर त्यानं पुसला होता.

आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हातातली सुरी तुर्सुनबेकला एकदम उबदार वाटली. चार पावलं चालायचं, वाकायचं, दोरी कापायची. यंत्र म्हणतं पहिला, ओरोझ म्हणतो पहिला, साठ माणसं म्हणतात पहिला. सत्त्याण्णव साली अशाच एका दुपारी तो तेव्हाच्या कचेरीतल्या एका जुन्या यंत्रापुढं बसला होता, एका गणिताला किती वेळ लागतो ते शंभरदा मोजून सरासरी काढत. एक्क्याण्णवाव्या खेपेला आकडा भलताच आला. का आला? तेवढं बघू, मग निघू. घरी पोचला तेव्हा दोरी कापून झाली होती, पाहुणे हात धूत होते, आणि नुर्तिलेक नावाचा तेरा महिन्यांचा प्राणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला असा चालत होता, जसा काही जन्मापासून चालतोच आहे. पहिलं पाऊल त्यानं पाहिलं नाही. ट्रॉली बस बंद पडली, दहा मिनिटं उशीर झाला, असं त्यानं सांगितलं, आणि सत्तावीस वर्षं तेच सांगत आला. लाखांश मोजणाऱ्या माणसाच्या आयुष्यातली ही एकच ढोबळ नोंद. आज तरी वेळेवर असावं, आज तरी सुरी आपल्या हातात असावी, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की सकाळी तो कुणी न सांगता आंघोळीला गेला होता. त्यानं एक पाऊल टाकलं. अकमारलनं त्याच्याकडे पाहिलं आणि दोन दात दाखवले. त्या दोन दातांपुढं त्याचं काही चाललं नाही.

"थांबा," तो म्हणाला. "हे खोटं आहे."

"काय खोटं?" ओरोझ वरून म्हणाला.

"आकडा. घड्याळ मध्येच तासभर मागं गेलंय. एक तास मिळवा, म्हणजे माझे होतात एकतीस सेकंद. कुदाचे एकोणीस. सुरी त्यांची." आणि मग, राहवेना म्हणून, "चूक माझी आहे. मी भलत्याच घड्याळाला विचारलं."

"मागं कसं जाईल?" झेक्सेनबाय पुढं आला. त्याचा आवाज खणखणीत होता. "मागं गेलं नाही, बरोबर झालं. पुढं होतं एक तास, मी लावून दिलं. आभार मानू नका, सवयच आहे."

मग मेरुएर्त हळूच म्हणाली, "पापा, वेळ फक्त आपल्याकडे बदलली. बिश्केकची तीच आहे."

"तीच म्हणजे?"

"जुनीच. इथं आत्ता दीड वाजत आलाय."

झेक्सेनबायनं मनगटावरच्या रेल्वेच्या घड्याळाकडे पाहिलं, मग सूर्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. त्याच्या चेहऱ्यावरून चाळीस वर्षांच्या गाड्या एकामागून एक रुळावरून उतरताना तुर्सुनबेकला दिसल्या, आणि त्याला त्याची अतोनात दया आली. "अकराला बोलावलं होतं," झेक्सेनबाय म्हणाला. "मी अकराला दोन मिनिटं कमी असताना दारात उभा होतो."

"बाराला दोन कमी होते, पापा."

"म्हणजे मी... उशिरा आलो?"

"एक तास."

"आणि कुणी बोललं नाही?"

"कुदा," आनारकुल समजुतीच्या सुरात म्हणाली, "आमच्याकडे तासभर म्हणजे वेळेवरच. तुम्ही आलात तेव्हा चूलसुद्धा नीट पेटली नव्हती. तुम्हीच सगळ्यात आधी आलात."

पण त्याचं समाधान झालं नाही. तो बाकावर बसला, घड्याळाचा पट्टा सोडला आणि घड्याळ खिशात टाकलं, एखादा अधिकारी हुद्द्याचे बिल्ले उतरवतो तसं. "उशिरा येणाऱ्या माणसानं दोरी कापू नये," तो म्हणाला. "तुम्हीच कापा, कुदा. तुम्ही उशिरा येता हे निदान सगळ्यांना ठाऊक तरी असतं."

"मी एकतीस सेकंद घेतले," तुर्सुनबेक म्हणाला. "पोरगी गोगलगाय होईल. आणि मी तर..." त्यानं मुलाकडे पाहिलं नाही, पाटाकडे पाहिलं. "नुर्तिलेकच्या वेळी मी इथं नव्हतोच."

नुर्तिलेक इतका वेळ झाडाला टेकून उभा होता. अंगानं मामासारखा, नाकानं बापासारखा. "बाबा," तो म्हणाला, "त्या दिवशी किती उशीर झाला होता?"

"दहा मिनिटं. ट्रॉली बस..."

"खरं सांगा."

तुर्सुनबेकच्या हातात सुरी होती आणि पाठीवर घाम गार होत होता. "एकसष्ट," तो म्हणाला. "मिनिटं."

"ठाऊक आहे. आई घड्याळाकडे बघत बसली होती. तिनं कधीच सांगितलंय." नुर्तिलेक पडद्यापाशी गेला, वाकून तो हिरवा आकडा त्यानं वाचला, आणि त्याच्या ओठांचं एक टोक वर गेलं. "मग झालं की. तेव्हा तासभर उशिरा आलात, आज तासभर आधी आलात."

तुर्सुनबेकनं सुरी दुसऱ्या हातात घेतली. डोळ्यांपुढं सगळं पाणीपाणी झालं होतं, आणि अशा वेळीही त्याच्या आतलं ते दुसरं, अंधारातलं यंत्र आपलं काम करत होतं. "नाही," तो म्हणाला. "तेव्हा एकसष्ट, आज एकोणसाठ एकोणतीस. दीड मिनिट राहतंच."

"राहू दे," नुर्तिलेक म्हणाला. "कापा आता."

त्यानं कापली. सुरी बोथट निघाली, लोकर चिवट निघाली. तो करवतीसारखी मागं-पुढं चालवत राहिला आणि ओरोझनं वरून पाच वेळा विचारलं की झाली का. शेवटी दोरी तुटली. मावश्यांनी हात सोडले, साठ माणसांनी श्वास रोखला, म्हाताऱ्या बायांनी उधळायला मिठाई मुठीत घेतली, आणि अकमारल सतरंजीवर बसकण मारून बसली.

"घ्या!" आनारकुल म्हणाली. "आजोबावर गेली."

हशा पिकला, तो ओसरला, मिठाई मुठींत वितळू लागली. अकमारल दोरीचा काळा-पांढरा तुकडा उलटा-सुलटा करून बघत होती. ओरोझ खुर्चीवरून उतरला, कुणीतरी चहा ओतून घेतला. उठ गं, चल गं, असं मावश्या म्हणू लागल्या, तेव्हा तुर्सुनबेकनं हात वर केला. "तिला घाई करू नका," तो म्हणाला, आणि स्वतःही सतरंजीच्या काठाला, गुडघे कुरकुरवत, खाली बसला. थोड्या वेळानं नुर्तिलेक येऊन त्याच्या शेजारी बसला. मग झेक्सेनबाय बाकावरून उठून दुसऱ्या बाजूला. वरून जर्दाळूच्या पाकळ्या पडत होत्या, एक लॅपटॉपच्या बटणांवर पडली. तुर्सुनबेकनं हात लांबवून झाकण मिटलं.

मग कधीतरी अकमारलनं दोरीचा तुकडा तोंडात धरला, दोन्ही हात जमिनीवर टेकले, उठली, आणि सावकाश, प्रत्येक पाऊल नीट पाहून, तिघांच्या दिशेनं चालत आली.

मिठाई उधळली गेली, बाया ओरडल्या, पोरं धावली. त्या गदारोळात झेक्सेनबायचा हात मनगटाकडे गेला आणि रिकामा परत आला. "किती वेळ बसली होती हो ही?" त्यानं विचारलं. "माझं घड्याळ खिशात होतं. तुम्ही मोजलं असेल, कुदा."

तुर्सुनबेकनं नातीच्या तोंडातली ओली लोकर सोडवत मान हलवली. "नाही," तो म्हणाला. "मोजलंच नाही."

"दीड मिनिट," नुर्तिलेक म्हणाला.